यादीत न सापडलेले नाव

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणाचे महत्त्व, मुलींचे शिक्षण, स्पर्धेचे युग या विषयांवर आपण दरवर्षी विचार ऐकतो आणि ते ऐकलेच पाहिजेत. पण आज मी जरा वेगळा, ऐकताना रुक्ष वाटेल असा विषय घेतला आहे. दोन याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या असता जी नावे जुळत नाहीत, त्यांचे काय करावे, हा तो विषय. यात भाषण करण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, आपल्या मुलांची शिष्यवृत्ती, परीक्षेचे प्रवेशपत्र, बँकेतील खाते, रेशनकार्ड, मतदारयादी ही सारी कामे आज दोन याद्यांच्या जुळणीवर चालतात. जुळले तर काम एका क्षणात होते. जुळले नाही तर मूल हुशार आहे की नाही, घर गरजू आहे की नाही, हे विचारायला तेथे कोणी बसलेले नसते.

आधी जुळणी म्हणजे काय ते पाहू. वाण्याच्या दुकानात आपण यादी देतो. यादीत साखर दोन किलो, तूरडाळ एक किलो असे लिहिलेले असते, भाव लिहिलेला नसतो. भाव दुकानदाराच्या भावपत्रकात असतो. तो आपल्या यादीतील एकेक नाव घेतो, भावपत्रकात शोधतो आणि समोर भाव मांडतो. संगणक नेमके हेच करतो. आपली यादी ही मूळ यादी, भावपत्रक हे संदर्भकोष्टक आणि ज्या नावाने शोधावयाचे ते नाव ही किल्ली. किल्ली कुलपाला लागली की पेटी उघडते.

आता यादीत 'काबुली चणे' लिहिले आहे आणि भावपत्रकात 'छोले' असे आहे. दुकानदार माणूस आहे, तो हसून छोले देईल. संगणक हसत नाही. त्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी नावे आहेत आणि काबुली चण्यांचा भाव त्याला सापडत नाही. आता त्याने काय करावे? त्याच्यापुढे चार वाटा आहेत. ही वाट संगणक स्वतः निवडीत नाही. ज्याने काम लावून दिले तो माणूस ती निवडतो, आणि पुष्कळदा आपण काही निवडले आहे याची त्यालाही कल्पना नसते. माझ्या सांगण्याचा गाभा एवढाच आहे.

पहिली वाट म्हणजे न जुळलेले नाव गुपचूप गाळून टाकणे. संगणकाच्या भाषेत या जोडणीला 'इनर जॉइन' म्हणतात. दोन्ही याद्यांत असेल तेवढेच ठेवावयाचे, बाकीचे सोडून द्यावयाचे.

कल्पना करा, एका वर्गात ६० मुले आहेत. त्यांची यादी बँकेच्या शाखांच्या कोष्टकाशी जोडली. ५२ नावे जुळली, ८ जुळली नाहीत. या पद्धतीने तयार झालेल्या कागदावर ५२ नावे दिसतील. कागद स्वच्छ असेल, प्रत्येकासमोर शाखा असेल, एकही रकाना रिकामा नसेल. तो पाहून अधिकाऱ्याला वाटेल, काम उत्तम झाले. ती ८ मुले कोठे गेली? ती कोणत्याही कागदावर नाहीत. ज्या चुकीची खूण कागदावर उरते ती आज ना उद्या पकडता येते. येथे तर खूणच पुसली गेली आहे.

दुसरी वाट म्हणजे नाव ठेवावयाचे आणि समोरचा रकाना रिकामा ठेवावयाचा. हिला 'लेफ्ट जॉइन' म्हणतात. मूळ यादीतील साठही नावे कायम राहतात आणि ज्यांची माहिती सापडली नाही त्यांच्यासमोर 'सापडले नाही' अशी खूण येते. एक्सेलमध्ये व्हीलुकअप वापरणाऱ्यांनी 'एन/ए' ही खूण पाहिली असेल. पुष्कळांना ती अक्षरे कागदावर कुरूप दिसतात, म्हणून तेथे कोरी जागा किंवा शून्य दिसेल अशी युक्ती ते करतात. माझ्या मते ती खूण हा आपला मित्र आहे. येथे एक माणूस अडकला आहे, असे ती सांगते. छपाईच्या प्रतीत ती झाकावयाची असेल तर खुशाल झाका, पण आधी त्या माणसाचा शोध घ्या.

तिसरी वाट म्हणजे रिकाम्या जागी स्वतःच्या मनाने काहीतरी भरणे, मग ते शून्य असो, 'इतर' असो की सर्वांत जास्त वेळा आलेले उत्तर असो. ही वाट सोयीची दिसते, पण येथे खरे बोलणे संपते. दहा कुटुंबांचे मासिक उत्पन्न पाहावयाचे आहे. आठ कुटुंबांचे उत्पन्न प्रत्येकी १०,००० रुपये सापडले, दोघांची नोंद सापडली नाही. त्या दोघांपुढे शून्य लिहिले तर एकूण बेरीज ८०,००० आणि दहांनी भागल्यावर सरासरी ८,००० रुपये येते. ज्यांचे उत्पन्न ठाऊक आहे त्यांची खरी सरासरी तर १०,००० आहे. शिवाय ती दोन कुटुंबे यादीत सर्वांत गरीब म्हणून वर येतील, मग ती बागायतदाराची का असेनात. 'काही नाही' आणि 'ठाऊक नाही' या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. शून्य हे उत्तर आहे. 'ठाऊक नाही' हा अजून उभा असलेला प्रश्न आहे.

'इतर' या शब्दाचेही तसेच. मातृभाषेच्या रकान्यात मराठी, उर्दू, हिंदी यांखेरीज कोकणी असेल तर 'इतर' बरोबर. पण ज्याच्या मातृभाषेची नोंदच हाती नाही त्यालाही त्याच टोपलीत टाकले, तर पुढे त्या टोपलीतून कोण कशासाठी आले हे कोणालाच वेगळे करता येत नाही. दोन टोपल्या ठेवा, एक 'इतर' आणि दुसरी 'माहिती नाही'. एक टोपली जास्त ठेवल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

चौथी वाट म्हणजे एकही नाव जुळले नाही तर सारे काम थांबवणे. जेथे पैसे वाटावयाचे आहेत किंवा निकाल जाहीर करावयाचा आहे, तेथे हेच शहाणपणाचे. मात्र एका नावासाठी उरलेल्या ५९ मुलांचे काम महिनाभर अडवून ठेवणे हाही न्याय नव्हे. अशा वेळी जुळलेल्यांचे काम पुढे न्यावे आणि न जुळलेल्यांची वेगळी यादी करून तिच्यावर जबाबदार माणसाचे नाव व तारीख घालावी.

पाचवाही एक प्रकार आहे. ती वाट नव्हे, तो खड्डा होय. एक्सेलमधील व्हीलुकअपला चार गोष्टी सांगावयाच्या असतात. चौथी गोष्ट अशी की, तंतोतंत जुळणी हवी की जवळपासची चालेल. ती सांगितली नाही तर यंत्र 'जवळपासची चालेल' असे धरून चालते. गुणांवरून श्रेणी काढताना हे उपयोगाचे आहे. ३५ ला उत्तीर्ण, ४५ ला द्वितीय श्रेणी, ६० ला प्रथम श्रेणी आणि ७५ ला विशेष प्रावीण्य असे कोष्टक असेल, तर ६८ गुण त्यात नाहीत, म्हणून यंत्र खालचा ६० धरते आणि प्रथम श्रेणी देते. हे बरोबर झाले. पण कोष्टकात हजेरी क्रमांक १०१, १०३ आणि १०४ आहेत आणि आपण १०२ शोधला, तर यंत्र १०१ ची माहिती १०२ समोर मांडून मोकळे होते. कोणतीही खूण नाही, इशारा नाही. एका मुलाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात. 'सापडले नाही' यापेक्षा 'चुकीचे सापडले' हे कितीतरी वाईट. संगणक शिकणाऱ्या मुलांनी एवढे तरी पक्के ध्यानात ठेवावे.

आता त्या आठ मुलांकडे वळू. नावे का जुळत नाहीत? कारणे वेगवेगळी असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. वैद्य प्रत्येक तापाला एकच पुडी देत नाही.

पहिले कारण लिहिण्यातील बारीक फरक. नावाच्या शेवटी एक मोकळी जागा राहिली तरी यंत्राच्या दृष्टीने ते नाव वेगळे. डोळ्यांना ती जागा दिसत नाही. देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक यांना यंत्र अनेकदा वेगळे समजते. बँक शाखेचा आय.एफ.एस.सी. कोड अकरा चिन्हांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे चिन्ह नेहमी शून्य आणि शेवटची सहा चिन्हे शाखेची. त्या पाचव्या जागी पुष्कळजण शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' हे अक्षर लिहितात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण जुळणीत नाव अडकते. तसेच खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य. एक्सेलला तो आकडा 'संख्या' वाटला की पुढची शून्ये तो उडवितो. खाते क्रमांक पंधरा अंकांहून मोठा असेल तर सोळाव्या अंकापासून पुढे तो शून्ये भरतो. म्हणून खाते क्रमांक, आधार क्रमांक, पिनकोड यांना संख्या म्हणून नव्हे तर मजकूर म्हणून लिहावे. ज्याची बेरीज कधी करावयाची नाही तो आकडा संख्या नव्हे, ते नावच होय.

दुसरे कारण म्हणजे कोष्टकच जुने होणे. हे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण येथे मुलाचा काही दोष नसतो. १ एप्रिल २०१९ रोजी विजया बँक आणि देना बँक या बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. काही काळ जुने शाखा कोड चालू राहिले. पुढे सिंडिकेट बँकेचे जुने कोड १ जुलै २०२१ पासून बंद झाले. ज्या पालकांच्या पासबुकावर जुना कोड छापलेला होता त्यांनी अर्जात तोच लिहिला. त्यांनी काही खोटे लिहिले का? मुळीच नाही. ज्या दिवशी पासबुक मिळाले त्या दिवशी तो कोड खराच होता. खरेपणालाही तारीख असते.

जिल्ह्यांचेही तसेच आहे. औरंगाबाद व उस्मानाबाद या जिल्ह्यांची अधिकृत नावे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली, तर अहमदनगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. जुन्या दाखल्यावर जुने नाव असणारच. नवीन कोष्टकात ते सापडले नाही म्हणून जुन्या दाखल्यावर खाडाखोड करू नये. दाखला त्याच्या काळाचा साक्षीदार असतो, त्याला हात लावावयाचा नसतो. त्याऐवजी मध्ये एक तिसरे कोष्टक ठेवावे, ज्यात जुने नाव, नवे नाव आणि बदल कधी झाला ती तारीख असे तीन रकाने असतील. जुन्या नावाने आलेला माणूस या पुलावरून नव्या कोष्टकात पोहोचतो. शिवाय एक औरंगाबाद बिहारमध्येही आहे. तेव्हा नुसत्या नावावर विसंबू नये, राज्याचे नाव किंवा जिल्ह्याचा सांकेतिक क्रमांक सोबत घ्यावा.

नाव बदलणे ही सोपी गोष्ट, कारण तेथे जुन्या एकाचे नवे एक होते. दोन बँकांच्या शेजारच्या दोन शाखा एक झाल्या तर दोनाचे एक होते, तेही सोपे. कठीण असते ते एकाचे दोन होणे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला. १९७५ साली जन्मलेल्या माणसाच्या दाखल्यावर 'जिल्हा रत्नागिरी' असे आहे. त्याचे गाव आज कोणत्या जिल्ह्यात? तालुका कळल्याशिवाय सांगता येणार नाही. तालुका दापोली असेल तर रत्नागिरी, सावंतवाडी असेल तर सिंधुदुर्ग. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, तेथेही हाच प्रश्न आहे. यंत्राने अशा वेळी अंदाज बांधू नये. जास्तीची माहिती मागावी. 'कोणता तालुका?' एवढा एक प्रश्न विचारला की उत्तर मिळते, पण तो विचारला पाहिजे.

तिसरे कारण आपल्या अगदी घरातले आहे, ते म्हणजे आपली नावे. 'शेख' हे आडनाव इंग्रजीत निदान तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. 'मोहम्मद' हे नाव कोणी पूर्ण लिहितो, कोणी 'मोहद' असे चार अक्षरांत उरकतो, कोणी 'एम. डी.' या दोनच अक्षरांत. कोठे आडनाव आधी येते, कोठे शेवटी. शाळेत 'शेख अहमद युसुफ', बँकेत 'अहमद युसुफ शेख' आणि आधारकार्डावर नुसते 'अहमद शेख'. घरच्यांच्या दृष्टीने तो एकच मुलगा, यंत्राच्या दृष्टीने ते तिघेजण. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांत आईचे नावही लिहावयाचे आहे. ही चांगली गोष्ट झाली. पण त्यामुळे मधल्या नावांचा क्रम प्रत्येक कागदावर एकच राहील याकडे नव्या पिढीच्या पालकांना आणखी लक्ष द्यावे लागेल.

लिहिण्याची तऱ्हा निराळी पण उच्चार एक, या अडचणीवर जुना उपाय आहे. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली एका पद्धतीचे पेटंट घेतले. तिचे पुढे रूढ झालेले रूप 'साउंडेक्स' या नावाने ओळखले जाते. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवावयाचे, स्वर गाळावयाचे आणि सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच अंक द्यावयाचा. त्या देशात १९३५ साली सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला तेव्हा अनेक वृद्धांपाशी जन्माचा दाखलाच नव्हता. मग १८८० च्या खानेसुमारीतील, दहा वर्षे किंवा त्याहून लहान मुले असलेल्या कुटुंबांची सूची या पद्धतीने तयार करण्यात आली. तीच मुले आता म्हातारी झाली होती आणि त्या सूचीवरून त्यांना आपले वय सिद्ध करता येणार होते. नाव जुळण्यावर एखाद्याची म्हातारपणची भाकरी अवलंबून असते, हे काही आजचे नवे नाही.

या पद्धतीने 'शेख'च्या बहुतेक सर्व तऱ्हा एकाच सांकेतिक खुणेखाली येतात. 'मोहम्मद' पूर्ण लिहिण्याच्या तऱ्हाही एक होतात. पण चार अक्षरी 'मोहद' मात्र वेगळे पडते, कारण त्यात दुसरा 'म' नाही. 'काझी' हे नाव 'के'ने लिहिले आणि 'क्यू'ने लिहिले तर ती दोन वेगळी नावे होतात, कारण पहिले अक्षर निराळे. उलट 'सय्यद' आणि 'सईद' ही दोन अगदी भिन्न नावे या पद्धतीत एकच खूण घेऊन बसतात. म्हणून अशा पद्धतीने 'हा कदाचित तोच असेल' एवढेच कळते. 'हा तोच आहे' हे ठरविण्यासाठी जन्मतारीख, वडिलांचे नाव, पत्ता पाहावा लागतो आणि शेवटचा निर्णय डोळस माणसाने घ्यावा लागतो. यंत्राने उमेदवार पुढे आणावेत, निवड माणसाने करावी.

चौथे कारण, माहितीच दिलेली नाही. येथे एक गंमत आहे. दोन कोऱ्या जागा समोरासमोर आल्या तर त्या जुळल्या असे म्हणावयाचे का? माहितीसाठ्यांच्या शास्त्रात १९७० साली एडगर कॉड यांच्या निबंधाने नवा पाया घातला. त्या परंपरेत जी भाषा वाढली तिच्यात याचे उत्तर 'नाही' असे आहे. एक अज्ञात आणि दुसरे अज्ञात समान आहेत असे कोणी म्हणू शकत नाही. याचाच एक विचित्र परिणाम होतो. 'या यादीत नसलेली नावे दाखव' असे यंत्राला सांगितले आणि त्या यादीत एखादी ओळ कोरी राहिलेली असली, तर यंत्र एकही नाव दाखवीत नाही. त्याचे म्हणणे असे की, ती कोरी ओळ कोणाचीही असू शकेल, मग अमुक नाव यादीत नाहीच असे मी खात्रीने कसे सांगू? पाहणाऱ्याला मात्र वाटते, सर्व नावे जुळली. तेव्हा कोऱ्या ओळी आधी बाजूला काढाव्या, मग प्रश्न विचारावा.

आणि पाचवे कारण, तो मनुष्य खरोखरीच त्या यादीत नाही. त्याने खाते उघडलेलेच नाही किंवा त्याचा अर्ज गेलेलाच नाही. पहिल्या चार कारणांचा निकाल लावल्यावरच या पाचव्याकडे यावे. आपल्याकडे पुष्कळदा उलटे घडते. नाव सापडले नाही की खिडकीमागून पहिले वाक्य ऐकू येते, 'तुमचे नाव यादीत नाही.' जणू त्यात सर्व निकाल आला! वास्तविक ते वाक्य म्हणजे चौकशीची सुरुवात असावयास हवी.

समजा, आपल्या आठ मुलांचा असा शोध घेतला. तिघांचे नाव किंवा कोड लिहिण्यात फरक निघाला. दोघांचा शाखा कोड जुना निघाला. एकाच्या खाते क्रमांकाचे पहिले शून्य उडाले होते. एकाचा रकाना कोरा होता. एकाचे खाते खरोखरच नव्हते. आठांपैकी सहाजणांचे काम कागद नीट पाहिल्यावर बसल्या जागी झाले, सातव्यासाठी पालकांना एक निरोप धाडावा लागला आणि आठव्याला बँकेत नेऊन खाते उघडावे लागले. पहिल्या वाटेने गेलो असतो तर आठही मुले गळाली असती आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

यासाठी फार शिकलेले असण्याची गरज नाही. चार सवयी पुरेत. जोडणीच्या आधी आणि नंतर नावे मोजा. साठ होती तर साठच राहिली पाहिजेत, जुळलेली आणि न जुळलेली मिळून. एकसष्ट झाली तर समजा की कोष्टकात एकच किल्ली दोनदा लिहिलेली आहे आणि एका मुलाची दोन मुले झाली आहेत. दुसरी सवय, न जुळलेल्यांची यादी वेगळी छापा आणि कारणानुसार गट करा. तिसरी, उलट बाजूनेही पाहा. कोष्टकात असून आपल्या यादीत न आलेले कोण? शिष्यवृत्तीस पात्र असूनही अर्ज न केलेली मुले अशाच तपासणीत सापडतात. चौथी, एकदा केलेली दुरुस्ती लिहून ठेवा, म्हणजे पुढल्या वर्षी त्याच मुलासाठी तोच शोध पुन्हा घ्यावा लागणार नाही. मात्र अशा याद्यांत खाते क्रमांक व आधार क्रमांक असतात. त्या सूचनाफलकावर लावू नयेत. फलकावर 'कार्यालयात भेटावे' एवढेच पुरे.

पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. जन्मदाखला, शाळेचे रजिस्टर, आधारकार्ड आणि बँकेचे पासबुक हे चार कागद एका संध्याकाळी सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवा आणि मुलाचे नाव अक्षर अक्षर लावून पाहा. घरात इंग्रजी वाचणारा कोणी नसेल तर आठवीतल्या मुलीला बसवा, ती हे काम आपल्यापेक्षा चांगले करील. फरक दिसला तर तो आजच दुरुस्त करावयास घ्या. मूल शाळेत शिकत आहे तोवर शाळेच्या नोंदीतील दुरुस्ती तुलनेने सोपी असते, शाळा सोडल्यानंतर ती फार कठीण होते. दहावीच्या परीक्षेपूर्वी मंडळाकडून शाळेत प्री-लिस्ट येते. तिच्यावर सही करण्यापूर्वी विद्यार्थ्याने स्वतःचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख व विषय नीट वाचावेत. त्या एका सहीने पुढचा मोठा हेलपाटा वाचतो. बँक बदलली, विलीन झाली, फोन क्रमांक बदलला तर शाळेला कळवा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळजण उद्या संगणकासमोर बसाल. कोणी तलाठी कार्यालयात, कोणी बँकेत, कोणी मोठ्या कंपनीत. तुमच्या हाताखालून लाखो नावे जातील. शंभरातली अठ्ठ्याण्णव नावे जुळली की साहेब खूश होतील आणि तुम्हाला शाबासकी मिळेल. त्या वेळी उरलेल्या दोघांचा विचार करा. शेकडा दोन हा आकडा कागदावर लहान दिसतो, पण एक लाखात ती दोन हजार माणसे होतात. सारखी, सरळ, रुळलेली नावे असलेल्यांचे कागद बहुधा जुळतात. अडकतात ते ज्यांचे नाव वेगळ्या भाषेतून आले आहे, ज्यांनी गाव बदलले आहे, ज्यांचा अर्ज दुसऱ्याने भरून दिला आहे, लग्नानंतर ज्या बाईचे नाव बदलले आहे. म्हणजे ज्यांना मदतीची गरज सर्वांत जास्त, तेच बहुधा त्या दोन टक्क्यांत सापडतात. त्यांना गाळून केलेला हिशेब नुसता अपुरा नसतो, तो एका बाजूला कललेला असतो.

म्हणून यंत्राने 'सापडले नाही' असे सांगितले की 'नाही' असे ऐकू नका, 'अजून सापडले नाही' असे ऐका. त्या 'अजून' या एका शब्दात एखाद्या मुलाचे वर्ष वाचू शकते.

 मेळावा संपल्यावर ज्यांना आपल्या मुलांचे कागद लावून पाहावयाचे असतील त्यांनी ते घेऊन आमच्या शिक्षकखोलीत यावे, आम्ही शिक्षक तेथे थांबणार आहोत. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!